पैसे कोण भरणार? शत्त-अल-अरबच्या पाण्याचं भांडण

दोन देशांची बोलणी खर्चावर येऊन अडकली की सहसा दोघंही हात आखडता घेतात. १९८०-८१ साली इराण आणि इराक यांच्यात याच्या नेमकं उलटं घडलं.

सप्टेंबर १९८० मध्ये या दोन देशांत युद्ध पेटलं तेव्हा शत्त-अल-अरब नदीत साठहून अधिक व्यापारी जहाजं अडकून पडली. ती वेगवेगळ्या देशांची होती आणि या भांडणाशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता. माल उतरवायला आली होती, वर तोफा सुरू झाल्या आणि परतीची वाट बंद झाली. संयुक्त राष्ट्रांनी त्या नोव्हेंबरात स्वीडनचे माजी पंतप्रधान ओलोफ पाल्मे यांना मध्यस्थ म्हणून पाठवलं. युद्ध लगेच थांबणार नाही हे पाल्मे यांना दिसत होतं. म्हणून त्यांनी अगदी छोटी गोष्ट मागितली : निदान ही जहाजं तरी बाहेर जाऊ द्या. दोन्ही देश तयार झाले. मग विषय निघाला जहाजांसाठी नदी मोकळी करून देण्याच्या खर्चाचा. इराक म्हणाला, सगळा खर्च आम्ही एकटे करू. इराण म्हणाला, ते चालणार नाही, निम्मा आम्ही देणार. आणि बोलणी तिथेच फिसकटली. जहाजं जागच्या जागी गंजत राहिली.

पैसे द्यायला दोघंही तयार असताना बोलणी का मोडावीत? ज्याला शेतीच्या बांधाचे वाद ठाऊक आहेत, त्याला हे चटकन उमगेल. सारा कुणी भरला, पावती कुणाच्या नावावर फाटली, वहिवाट कुणाची होती, यावरून मालकीचे दावे उभे राहतात. इराकने एकट्याने नदी साफ केली असती, तर ‘आमची नदी आम्ही साफ केली’ असा पुरावा तयार झाला असता. इराणने निम्मा खर्च दिला असता, तर निम्मी नदी त्याची हे इराकने मान्य केल्यासारखं झालं असतं. शत्त-अल-अरबचा सगळा इतिहास असाच आहे. तिथे शुल्काच्या रकमेवरून क्वचितच भांडण झालं. शुल्क कुणी घ्यायचं, कुणाच्या हुकमाने घ्यायचं आणि जहाजावर झेंडा कुणाचा, यावरून मात्र पिढ्यान्‌पिढ्या झालं.

आधी नदी पाहू. तैग्रिस आणि युफ्रेटिस इराकमधल्या अल-कुर्ना गावापाशी एक होतात. तिथून समुद्रापर्यंतचा सुमारे २०० किलोमीटरचा प्रवाह म्हणजे शत्त-अल-अरब. इराणी लोक त्याला अर्वंद रूद म्हणतात, आणि नाव कुठलं वापरायचं हासुद्धा या वादाचाच एक भाग आहे. वरच्या अंगाला दोन्ही काठ इराकचे आहेत आणि बसरा तिथेच आहे. मोत्यांमुळे आपल्या कानावर असलेलं बसरा ते हेच. बसऱ्याच्या खाली काही अंतरावर पूर्वेचा काठ इराणचा होतो आणि तिथून समुद्रापर्यंत नदी हीच दोन देशांची सीमा आहे. इराणच्या बाजूला खुर्रमशहर आहे. तिथे कारून नदी येऊन मिळते आणि सोबत भरपूर गाळ आणते. त्याच्या खाली अबादान. समुद्राच्या तोंडाशी इराकच्या बाजूला फाव.

दोन्ही काठांना खजुराची दाट झाडी, मध्ये गढूळ पाणी आणि दिवसातून दोनदा भरती-ओहोटी. नदीच्या मुखाशी गाळाचा उंचवटा साचतो. सतत ड्रेजर चालवून तो उपसला नाही, तर मोठं जहाज आत शिरूच शकत नाही. शिरलं तरी कुठे खोल आणि कुठे उथळ हे बाहेरच्या कप्तानाला कळत नाही. त्यासाठी स्थानिक वाटाड्या जहाजावर चढतो. आज त्याला पायलट म्हणतात, जुन्या मराठीत आरकाटी. म्हणजे इथे जहाज आणायचं तर गाळ उपसणारे हवेत, खुणेचे तरंगते बोये हवेत, दिवे हवेत, पायलट हवा. या सगळ्याला पैसा लागतो आणि तो येणाऱ्या जहाजांकडून त्यांच्या टनभारानुसार घेतला जातो. शुल्क असणं यात गैर काहीच नाही, आणि इराणनेही ‘शुल्कच नको’ असा हट्ट कधी धरला नव्हता.

नदीवरच्या वादांत तीन वेगळे प्रश्न नेहमी एकमेकांत गुंततात. ते सुटे केले की पुढचं सगळं सोपं होतं. पाणी कुणाच्या मालकीचं, हा पहिला. त्या पाण्यातून जहाज नेण्याचा हक्क कुणाला, हा दुसरा. शेत एकाचं असलं तरी त्यातून जाण्यायेण्याची वहिवाट दुसऱ्याची असू शकते, तसंच हे. आणि वाटेची देखभाल करून त्यासाठी पैसे कोण गोळा करणार, हा तिसरा.

युरोपने या तिन्हींची फारकत करायला बराच वेळ घेतला. डेन्मार्क तर बाल्टिक समुद्राच्या तोंडाशी येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांकडून चारशेहून अधिक वर्षं जकात घेत होता. त्या बदल्यात जहाजाला विशेष काही मिळत नव्हतं. सामुद्रधुनीवर किल्ला आपला, म्हणून पैसे आपले. १८५७ मध्ये इतर देशांनी एकरकमी मोबदला देऊन ती बंद करून घेतली. ऱ्हाइन नदीसाठी १८६८ चा मॅनहाइम करार झाला आणि केवळ नदीतून जाण्याबद्दल पैसे घ्यायचे नाहीत असं ठरलं. १९२१ च्या बार्सिलोना परिषदेत हाच विचार पुढे नेला गेला : आंतरराष्ट्रीय जलमार्गावर पैसे घ्यायचे ते दिलेल्या सेवेपुरते, सगळ्या झेंड्यांना सारख्या दराने. शुल्क आणि खंडणी यांच्यातली रेघ ती हीच, आणि शत्त-अल-अरबच्या वादात ती पुन्हा पुन्हा येते.

मूळ गाठ मात्र १८४७ ची आहे. त्या वर्षी उस्मानी तुर्क आणि इराण यांच्यात एर्झुरुमचा करार झाला. ब्रिटन आणि रशिया मध्यस्थ होते. खुर्रमशहर, तेव्हाचं मोहम्मरा, आणि अबादानचं बेट इराणला मिळालं, पूर्वेचा काठही मिळाला, आणि इराणी जहाजांना नदीतून मोकळेपणाने ये-जा करण्याचा हक्कही मिळाला. पाणी कुणाचं हे मात्र करारात स्पष्ट लिहिलं गेलं नाही. तुर्कांनी धरून चालावं की पाणी आमचंच आहे. मध्यस्थांनी एका खुलाशात तसंच म्हटलं, तर इराण पुढे म्हणत राहिला की त्या खुलाशावर सही करायचा अधिकारच आमच्या प्रतिनिधीला नव्हता. पुढे १९१३ च्या कॉन्स्टँटिनोपल मसुद्याने आणि १९१४ च्या सीमा आयोगाने रेघ ओढली ती जवळजवळ सगळीकडे इराणच्या काठाला लागून. मोहम्मऱ्यासमोरचा छोटा तुकडा एवढाच अपवाद.

या रेघेचा प्रत्यक्षातला अर्थ फार विलक्षण होता. १९०८ मध्ये इराणात तेल सापडलं आणि काही वर्षांतच अबादानला रिफायनरी सुरू झाली. जमीन इराणची, तेल इराणचं, धक्का इराणचा. पण त्या धक्क्याला दोर बांधून उभा असलेला टँकर तरंगत होता दुसऱ्या देशाच्या पाण्यात. जहाज सुटलं की पहिल्या हातापासून समुद्रापर्यंत त्याला परक्याचा पायलट, परक्याचे नियम आणि परक्याचं शुल्क. इराणी माणसाच्या मनातला सल समजून घ्यायचा तर हा धक्का डोळ्यांसमोर आणावा लागतो.

नोव्हेंबर १९१४ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानची फौज फावला उतरली आणि तिने त्याच महिन्यात बसरा घेतलं. त्या फौजेत पुणे डिव्हिजन होती आणि तिच्यात मराठा पलटणीही होत्या. आपल्याकडची पोरं ज्या मेसोपोटेमियात लढली, त्याचं दार ही नदी होती. फौजेला रसद हवी म्हणून इंग्रजांनी बसऱ्याला आधुनिक बंदर उभारलं. युद्धानंतर बसरा बंदराचं हेच खातं नदीचा गाळ काढू लागलं, पायलट देऊ लागलं आणि दोन्ही काठांना जाणाऱ्या जहाजांकडून पैसे घेऊ लागलं. १९३२ मध्ये इराक स्वतंत्र झाला तेव्हा नदीची ही गादी त्याला आयती मिळाली.

तोवर इराणमध्ये रझा शहा सत्तेवर आले होते, आणि जुने असमान करार मोडून काढायचा त्यांचा निर्धार होता. इराणी बोटी बसऱ्याचे नियम जुमानेनाशा झाल्या. १९३४ च्या शेवटी इराकने हा वाद राष्ट्रसंघात, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या जागतिक संघटनेत, नेला. तिथे इराकने मांडलेला मुद्दा आजही वजनदार वाटतो : इराणला लांबच लांब समुद्रकिनारा आहे, हवी तितकी बंदरं बांधता येतील, आम्हाला समुद्राकडे जायला ही एकच वाट आहे. नकाशा पाहिला तर हे पटतं. इराकचा किनारा जेमतेम ५८ किलोमीटरचा आहे. इराणचं उत्तर असं की १९१३ चा मसुदा रीतसर मंजूरच झालेला नव्हता, आणि दोन देशांमधली नदी एकट्या एकाची हे कुठल्या न्यायात बसतं? तेही पटतं. माझ्या मते हा वाद इतका चिघळला याचं कारण हेच. दोन्ही बाजू आपापल्या जागी खऱ्या होत्या. एकाला श्वास घ्यायला वाट हवी होती, दुसऱ्याला स्वतःच्या दारातला मान.

राष्ट्रसंघात निकाल लागला नाही. शेवटी ४ जुलै १९३७ रोजी तेहरानमध्ये दोघांनी आपसात करार केला. सीमा इराणच्या काठालाच राहिली, पण अबादानसमोर काही किलोमीटरपुरती ती प्रवाहाच्या मध्यात सरकवली. म्हणजे धक्क्याला लागलेला टँकर आता स्वतःच्या देशात उभा राहणार होता. नदी सगळ्या देशांच्या व्यापारी जहाजांना सारख्या अटींवर खुली राहील असं ठरलं. शुल्काचं कलम मोठ्या काळजीने लिहिलेलं होतं : घेतलेले पैसे सेवेचा मोबदला म्हणूनच घ्यायचे आणि नदीची देखभाल व सुधारणा यांवरच खर्चायचे. गाळ, पायलट, शुल्क या सगळ्यांसाठी वर्षभरात वेगळा तपशीलवार करार करायचा असंही लिहिलं होतं.

तो वेगळा करार कधी झालाच नाही. मला या सगळ्या कथेत सर्वांत चुटपुट लावणारी जागा हीच वाटते. सीमेची रेघ हा अभिमानाचा विषय, तिथे दोघांनी कसाबसा मार्ग काढला. राहिलं होतं ते हिशेबाचं काम : एक संयुक्त मंडळ, एक खातं, वर्षाच्या शेवटी दोघांच्या सह्यांचा ताळेबंद. ते पुढे ढकललं गेलं आणि पुढे ढकललेलंच राहिलं. इराकला वाटायचं की संयुक्त मंडळ मानलं म्हणजे संयुक्त मालकी मानली. इराणची तक्रार वर्षानुवर्षं तीच : अबादानला येणाऱ्या टँकरमुळे पैसा जमतो, तो नदीवरच खर्च होतो का हे आम्हाला बघूही दिलं जात नाही.

१९६१ मध्ये हे सगळं एका माणसावर येऊन ठेपलं : पायलटवर. इराणने जाहीर केलं की इराणी बंदरांत जहाजं नेण्याचं काम इराणी पायलट करतील. बसऱ्याने ते मानलं नाही. परिणाम असा की अबादानची जहाजवाहतूक काही आठवडे ठप्प झाली आणि माघार इराणला घ्यावी लागली. जगातल्या सर्वांत मोठ्या रिफायनरींपैकी एक, आणि ती बंद पडली ती जहाजाच्या शिडीवरून वर कुणी चढायचं या प्रश्नावर. इराणने त्यातून धडा घेतला. तेलाची निर्यात हळूहळू नदीबाहेरच्या बंदरांकडे नेण्यात आली, तिथे मोठी जहाजंही लागू शकत होती. व्यापाराच्या दृष्टीने इराणची गरज कमी होत गेली, पण ईर्षा वाढतच गेली.

एप्रिल १९६९ मध्ये इराकने नवी अट घातली. नदीत शिरताना इराणी जहाजांनी आपला झेंडा उतरवावा आणि जहाजावर इराणी नौदलाचा माणूस नसावा. १९ एप्रिलला इराणने १९३७ चा करार आपल्यापुरता रद्द झाल्याचं जाहीर केलं. इराकने करारातल्या जबाबदाऱ्या पाळल्याच नाहीत, शुल्काचा वेगळा करार केला नाही, तेव्हा आम्हीही बांधील नाही, असा त्याचा युक्तिवाद होता. त्यानंतर काही दिवसांतच ‘इब्न सिना’ नावाचं मालवाहू जहाज इराणी झेंडा फडकवत खुर्रमशहरकडून समुद्राकडे निघालं. सोबत युद्धनौका होत्या, वर लढाऊ विमानं होती. जहाजाने बसऱ्याला एक पैसाही शुल्क दिलं नाही. इराकने गोळी झाडली नाही. जहाज फावला वळसा घालून समुद्रात गेलं आणि त्या दिवसापासून जुना करार कागदावरच राहिला.

एका मालवाहू जहाजाला एवढा लवाजमा कशाला, असं कुणाला वाटेल. पण ते जहाज मालासाठी निघालंच नव्हतं. हक्क वापरला नाही तर तो बुडतो ही भीती वहिवाटीच्या दाव्यात असते, तशीच इथेही होती. परक्याचा झेंडा लावून आणि त्याची पावती घेऊन गेलेलं प्रत्येक जहाज इराकच्या बाजूचा एक साक्षीदार ठरलं असतं. झेंडा न उतरवता आणि पावती न घेता गेलेलं हे जहाज इराणच्या बाजूचा पहिला.

पुढची सहा वर्षं इराण इराकमधल्या कुर्द बंडखोरांना शस्त्रं आणि आश्रय देत राहिला. मुस्तफा बारझानी यांच्या लढवय्यांनी इराकी सैन्याला जेरीस आणलं. ६ मार्च १९७५ रोजी अल्जियर्समध्ये तेल उत्पादक देशांच्या परिषदेच्या निमित्ताने इराणचे शहा मोहम्मद रझा (रझा शहांचे पुत्र) आणि इराकचे तेव्हाचे उपाध्यक्ष सद्दाम हुसेन समोरासमोर बसले. अल्जीरियाचे अध्यक्ष बूमेदियन मध्यस्थ होते. सौदा असा झाला : इराक नदीची सीमा मध्य प्रवाहात मान्य करेल, आणि इराण कुर्दांची मदत थांबवेल. मदत थांबली. काही आठवड्यांत उठाव कोसळला आणि हजारो कुर्द कुटुंबं डोंगर ओलांडून इराणात गेली. नदीतल्या एका रेघेची किंमत ज्यांनी चुकवली, त्यांच्यातल्या बहुतेकांनी ती नदी पाहिलेलीही नव्हती. या कराराची स्तुती करताना हे विसरू नये असं मला फार वाटतं.

त्याच वर्षी १३ जूनला बगदादमध्ये पक्का करार झाला. त्यातला कळीचा शब्द थालवेग. मूळ जर्मन शब्द, अर्थ साधारण ‘दरीची वाट’. नदी ही सीमा असेल तर रेघ तीन प्रकारे ओढता येते. एका काठाला लागून, म्हणजे सगळं पाणी एकाचं. दोन काठांच्या बरोबर मधोमध, म्हणजे दिसायला न्याय्य; पण खोल पाणी एकाच काठाजवळून वाहत असेल तर दुसऱ्याच्या वाट्याला फक्त उथळ चिखल येतो. तिसरी रीत थालवेगची : पाणी सर्वांत कमी असतानाही जहाज जाऊ शकेल अशा मुख्य खोल वाटेच्या मधली रेघ. त्यामुळे जहाजाची वाट दोघांच्या वाट्याला येते. म्हणून जहाजं चालणाऱ्या नद्यांच्या बाबतीत जगभर हीच रीत जास्त रुळली.

पण खोल वाट जागची हलते. गाळ साचतो, प्रवाह कड बदलतो. म्हणून करारात असं घातलं की नैसर्गिक बदल होत गेले तर सीमाही त्यांच्यासोबत सरकेल, आणि निदान दर दहा वर्षांनी दोघांनी मिळून नदीचं मोजमाप करायचं. नदीने पात्रच बदललं तर ती मूळ पात्रात परत वळवण्याची सोय होती, तीही दोघांच्या खर्चाने. डिसेंबर १९७५ मध्ये जहाजवाहतुकीच्या नियमांचा जोडकरारही झाला. १९३७ ला जे राहून गेलं होतं ते या वेळी कागदावर उतरलं. कागद म्हणून हा करार उत्तम आहे.

तो टिकला पाच वर्षं. १९७९ मध्ये इराणमध्ये क्रांती झाली, शहा गेले, सैन्य विस्कळीत झालं. १७ सप्टेंबर १९८० रोजी सद्दाम यांनी १९७५ चा करार रद्द केला आणि दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यांसमोर तो फाडला. नदी पूर्णपणे इराकी आहे, इथे येणाऱ्या जहाजांनी इराकी झेंडा लावावा आणि इराकी पायलट घ्यावा, असं फर्मान निघालं. कराराचे सगळे भाग एकमेकांत बांधलेले आहेत, इराणने सुरक्षेचा भाग मोडला, म्हणून सीमेचा भागही संपला, हा इराकचा कायदेशीर युक्तिवाद. करारातच वाद सोडवण्याची ठरलेली वाट होती, लवादापर्यंत जाणारी. ती चाचपून न पाहता २२ सप्टेंबरला इराकी फौजा इराणात घुसल्या. युद्धाची कारणं अनेक होती, नदी हे त्यातलं एक. पण बगदादने जगासमोर पुढे केलं ते नदीचंच.

आणि ती साठ-सत्तर जहाजं? त्यांच्या मालकांसमोर वेगळाच पेच होता. जहाज बुडालेलं नाही, जळालेलं नाही, नांगर टाकून उभं आहे. मग विमा कंपनीकडे काय म्हणून मागायचं? ‘बांबुरी’ नावाच्या जहाजाचा दावा लंडनमध्ये लवादापुढे कसोटीचा खटला म्हणून चालला. जहाज धडधाकट असलं तरी मालकाला ते वापरता येत नाही आणि वाजवी काळात परत मिळण्याची चिन्हं नाहीत, तेव्हा ते पूर्ण नुकसानच धरावं, असा निष्कर्ष निघाला. पुढे १९८३ च्या युद्धविम्याच्या नमुना अटींत कलमच आलं : जहाज बारा महिने अडकून राहिलं तर मालकाने ते गमावलं असं मानायचं. फेब्रुवारी २०२२ नंतर युक्रेनच्या बंदरांत जहाजं अडकली तेव्हा विमावाल्यांनी याच बारा महिन्यांच्या कलमाकडे बोट ठेवलं.

युद्धात नदीचं काय झालं हे सांगायला फार शब्द लागत नाहीत. खुर्रमशहर ऑक्टोबर १९८० मध्ये पडलं, मे १९८२ मध्ये इराणने परत घेतलं. अबादानची रिफायनरी उद्ध्वस्त झाली. फाव १९८६ मध्ये इराणने घेतलं, १९८८ मध्ये इराकने परत मिळवलं. काठावरची खजुराची बनं होरपळली. आठ वर्षं एकही ड्रेजर चालला नाही, आणि ज्या वाटेच्या मालकीसाठी लाखो माणसं मेली ती वाट गाळ, बुडालेली जहाजं आणि न फुटलेला दारूगोळा यांनी भरून गेली.

२० ऑगस्ट १९८८ ला युद्धबंदी झाली आणि जिनिव्हात बोलणी सुरू झाली. ती पुन्हा नदीवर अडली. इराक म्हणत होता, आधी नदीचा गाळ काढायला सुरुवात करू, आणि होर्मुझच्या सामुद्रधुनीत इराणने आमची जहाजं अडवून तपासणं थांबवावं. इराण म्हणत होता, आधी तुमचं सैन्य १९७५ च्या सीमेमागे न्या. गाळ काढणं हे वरवर पाहता निव्वळ तांत्रिक काम. पण सीमा मान्य न करता ते सुरू करू दिलं, तर कुणाच्या नदीत काम चाललंय याचं उत्तर आपोआप दिलं जाईल, ही इराणची धास्ती होती. पाल्मे यांच्या वेळची अडचण आठ वर्षांनी तशीच्या तशी परत आली.

सुटका झाली ती भलत्याच कारणाने. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत बळकावलं. आता अमेरिका आणि मित्रदेशांशी गाठ होती, पूर्वेची आघाडी शांत हवी होती. १४ ऑगस्टच्या पत्रात सद्दाम यांनी १९७५ च्या अटी पुन्हा मान्य केल्या, ज्या त्यांनी दहा वर्षांपूर्वी फाडल्या होत्या.

थालवेग तेव्हापासून सीमा आहे. तरी नदीच्या मुखापलीकडे, जिथे ती समुद्राला मिळते तिथून पुढे, दोघांची सागरी हद्द ठरलेली नव्हती. मार्च २००७ मध्ये याच भागात एका जहाजाची तपासणी करून परतणाऱ्या १५ ब्रिटिश नौसैनिकांना इराणने पकडलं. ब्रिटन म्हणालं, ते इराकच्या पाण्यात होते. इराण म्हणाला, आमच्या. जवळजवळ दोन आठवड्यांनी त्यांची सुटका झाली.

इराकने आपली बरीच जहाजं उम्म कस्र बंदराकडे वळवली आहेत आणि फावला नवं मोठं बंदर उभं राहतंय. इराणची भिस्त बंदर अब्बास आणि बंदर इमाम खोमेनीवर आहे. मार्च २०१९ मध्ये इराणचे अध्यक्ष हसन रूहानी बगदादला गेले तेव्हाच्या संयुक्त निवेदनात १९७५ च्या कराराप्रमाणे शत्त-अल-अरबचा मुख्य प्रवाह साफ करण्याचं ठरलं. वरच्या धरणांमुळे नदीत गोडं पाणी कमी येतं, म्हणून समुद्राचं खारं पाणी आता खूप आतपर्यंत चढतं. २०१८ च्या उन्हाळ्यात बसऱ्यात दूषित पाण्याने लाखाहून अधिक लोक दवाखान्यात गेले. त्या खाऱ्या पाण्यावर हक्क सांगायला मात्र दोन्ही काठांवरून कुणीही पुढे आलेलं नाही.